सरकारी दप्तरांची जोडणी आणि आपला व्यापार

पेडण्याच्या अगर डिचोलीच्या बाजारपेठेत किराण्याचे एखादे साधे दुकान मांडावयाचे म्हटले तरी व्यापाऱ्यास किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. पालिकेचा अगर पंचायतीचा व्यापार-परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी, अन्नपदार्थ विकावयाचे तर अन्नसुरक्षा परवाना, तराजू व मापांवर वैधमापन खात्याचा शिक्का, जीएसटीची नोंदणी, आणि जागा स्वतःची असल्यास एक-चौदाचा उतारा. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तोच पत्ता, तोच पॅन क्रमांक पुनःपुन्हा लिहून द्यावयाचा. एका खात्याने दिलेला दाखला दुसऱ्यास दाखवावयाचा आणि दुसऱ्याने दिलेला तिसऱ्यास. खाते आणि खाते यांच्या दरम्यान कागद वाहून नेणारा शिपाई कोण, असे कोणी विचारले तर ‘व्यापारी’ हेच त्याचे प्रामाणिक उत्तर होईल. या शिपायास पगार नाही; उलट तो कचेरीत उभा असेल त्या दिवशी त्याचे दुकान कोणा नातलगाच्या भरवशावर चालते.

आता कोणी म्हणेल की, सर्व खात्यांत संगणक येऊन बरीच वर्षे लोटली. मग कागद अजून माणसानेच का वाहावा? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. कारण पुढील काळात आपला परवाना, आपला कर आणि आपल्या मालाची वाहतूक ही सारी त्याच उत्तरावर अवलंबून राहणार आहेत.

राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची, म्हणजे ज्यास आपण एनआयसी म्हणतो त्या संस्थेची स्थापना १९७६ साली झाली, आणि पुढे हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांतून सरकारी कामास संगणक लागले. परंतु प्रत्येक खात्याने आपली गरज पाहून आपले सॉफ्टवेअर करविले. शेजारच्या खात्याशी त्या सॉफ्टवेअरला कधी बोलावे लागेल, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण कागदी दप्तरे तरी एकमेकांशी कोठे बोलत होती? मोटारींच्या नोंदणीची ‘वाहन’ नावाची प्रणाली याचे चांगले उदाहरण आहे. आरंभी देशातील परिवहन कचेऱ्यांत ती प्रत्येक कचेरीच्या स्वतःच्या संगणकावर चाले. जीए-०४ ही डिचोलीची खूण आणि जीए-११ ही पेडण्याची; ट्रकाच्या पाटीवरून गाव सांगणारे हमाल आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु त्या काळच्या व्यवस्थेत एका कचेरीच्या संगणकास दुसऱ्या कचेरीची पाटी अनोळखी असे, आणि गाडी एका कचेरीतून दुसरीकडे न्यावयाची तर ना-हरकत दाखल्याचा कागद मालकानेच न्यावा लागे. पुढे या विखुरलेल्या वह्या एकत्र करून देशाची एक मध्यवर्ती नोंद उभी करण्यात आली.

सर्व वह्या एका कोठारात आणून ठेवावयाच्या, हा अशा रीतीने एक मार्ग झाला. जुने सारे टाकून नवे बांधावयाचे, हा दुसरा मार्ग. किराणा व मिठाईच्या व्यापाऱ्यांनी तो अनुभवला आहे. अन्न परवान्याची एफएलआरएस ही जुनी प्रणाली बाजूस सारून १ जून २०२० रोजी फॉस्कॉस ही नवी प्रणाली प्रथम ज्या नऊ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली, त्यांत गोवा होता. उरलेल्या देशास ती त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून लागू झाली. अन्न परवान्यासारख्या मर्यादित कामास हे जमते. परंतु जेथे पन्नास वर्षांचा हिशेब, लाखो माणसांची देणी आणि दरवर्षी बदललेला कायदा हे सारे एकाच जुन्या आज्ञावलीत गुंतलेले असते, तेथे जुने मोडून नवे बांधण्याचे धाडस मोठमोठ्या सरकारांनाही होत नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याची करदात्यांची मुख्य नोंदवही ही १९६० च्या दशकातील आज्ञावलीच्या पायावर उभी आहे. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे बेकारभत्त्याचे अर्ज अनावर झाले, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांस जाहीर हाक दिली. ती भाषा अवगत असलेले पुष्कळसे लोक तोवर निवृत्त झालेले होते.

जुन्या पेढीवरील मुनिमाची आठवण येथे होणे साहजिक आहे. पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. या नव्या काबिजादीतील जुने हिशेब व दस्त मोडी लिपीत आढळतात. अशी कल्पना करा की, एखाद्या पेढीच्या साऱ्या वह्या मोडीत आहेत, आणि त्या वाचणारा एकच वृद्ध मुनीम आहे. त्यास काढून टाकावे तर पेढी आंधळी होते. न काढावे तर प्रत्येक प्रश्नास त्याच्या गादीपाशी जाऊन बसावे लागते. शहाणा मालक काय करील? मुनिमाच्या शेजारी एक तरुण कारकून बसवील. बाहेरून येणारा प्रत्येक प्रश्न कारकुनाने ठरलेल्या नमुन्यात घ्यावयाचा, मुनिमास विचारावयाचा, आणि उत्तर ठरलेल्या नमुन्यातच बाहेर द्यावयाचे. असे चालू असता आतल्या आत एकेक वही बाळबोधीत उतरवून घ्यावयाची. काही वर्षांनी मुनीम निवृत्त झाला तरी बाहेरच्या गिऱ्हाइकास ते कळणारही नाही. कारण त्याचा व्यवहार मुनिमाशी नसून त्या नमुन्याशी होता.

जुन्या सरकारी प्रणालींच्या नूतनीकरणाची जी पद्धत ‘सेवाधिष्ठित रचना’ म्हणून ओळखली जाते, तिचे मर्म एवढेच आहे. प्रत्येक खात्याने आपली वही आपल्यापाशीच ठेवावी. मात्र त्या वहीतून जी उत्तरे इतरांस द्यावयाची, ती प्रत्येकी एक ‘सेवा’ म्हणून मांडावी: ‘या क्रमांकाचा व्यापारी नोंदलेला आहे काय?’, ‘या पाटीची गाडी कोणत्या प्रकारची?’, ‘या परवान्याची मुदत कधी संपते?’ प्रश्न कसा लिहावा आणि उत्तर कसे येईल याचा करार आधी प्रसिद्ध करावा. मग विचारणाऱ्याचे यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, करार पाळला की उत्तर मिळते. आतील वही फॉक्सप्रोत आहे की आणखी कशात, याची पंचाईत त्याने करू नये.

हुंडीच्या परंपरेतील व्यापाऱ्यास हे नवे वाटू नये. हुंडी लिहिणारी पेढी एका गावी, ती सकारणारी दुसऱ्या गावी. दोघांच्या वह्या निराळ्या, कित्येकदा भाषाही निराळी. परंतु हुंडीचा मजकूर ठरीव, म्हणून पैसा फिरे. दर्शनी हुंडीस दाखविताक्षणी उत्तर. मुदती हुंडीस ठरल्या दिवसांनी. सरकारी सेवांतही हेच दोन प्रकार असतात: काही प्रश्नांस तत्काळ उत्तर मिळते, काहींची केवळ पोच मिळते आणि उत्तर मागाहून येते. शहाजोग हुंडी वाटेल त्यास न देता बाजारात पत असलेल्या शहासच द्यावयाची असे. त्याचप्रमाणे सरकारी सेवाही ओळख पटलेल्या खात्याच्या यंत्रासच उत्तर देते, येणाऱ्या-जाणाऱ्यास नव्हे. फरक इतकाच की, हुंडी न सकारणाऱ्या पेढीची पत जात असे. उत्तर न देणाऱ्या सरकारी संगणकाची पत जावी अशी सोय अद्याप कोणी केलेली नाही.

या कल्पनेवर एस्टोनिया या चिमुकल्या देशाने २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ नावाची व्यवस्था उभारली. तेथे खात्यांच्या वह्या खात्यांपाशीच राहतात आणि प्रश्नोत्तरे तेवढी सुरक्षित मार्गाने जातात. नागरिकाने एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागू नये, असा दंडक त्यांनी घालून घेतला आहे. आपल्याकडे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली आणि २००८ मध्ये तिच्यातील राष्ट्रीय सेवा-प्रवेशद्वार सुरू झाले. ते मुंबईच्या सी-डॅक संस्थेने घडविले. खात्याखात्यांमध्ये संदेश पोहोचविणारे हे टपालघरच होते, आणि त्यातील पाकिटाचा नमुना सर्व खात्यांसाठी एकच ठरविला होता. पुढे २०१५ मध्ये केंद्र सरकारने खुल्या एपीआयचे धोरण जाहीर केले. एपीआय म्हणजे वर सांगितलेला प्रश्नोत्तरांचा करार, दुसरे काही नव्हे.

परंतु धोरणाच्या कागदांपेक्षा आपल्या उंबरठ्यावर जे घडले ते अधिक बोलके आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर गोवा, दमण व दीव विक्रीकर कायदा १९६४ साली आला. १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला. त्याच्या जोडीस प्रवेशकर होताच. या सर्व काळात महाराष्ट्रातून येणाऱ्या मालास पेडण्याकडून पत्रादेवीचा आणि डिचोलीकडून दोडामार्गाचा उंबरठा ओलांडावा लागे. ट्रक थांबे, चालक खाली उतरे, बीजक व जाहीरपत्र खिडकीतून आत जाई. नाक्यावरील कारकुनास मुंबईच्या व्यापाऱ्याची खरी नोंद आहे की नाही हे कळण्याचे साधन नव्हते. म्हणून माल, गाडी आणि माणूस हीच त्याची वही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि पहिल्या तीन दिवसांतच बावीस राज्यांनी आपले विक्रीकर-नाके उठविले. त्यांत गोवाही होता. नाका उठविणे शक्य झाले ते नाक्यावरचा प्रश्न आता यंत्राने यंत्रास विचारावयाचा होता म्हणून.

तो प्रश्न कसा विचारला जातो ते पाहा. आपला जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. त्यातील पहिले दोन आकडे राज्याचे: गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७. त्यापुढील दहा अक्षरे म्हणजे आपला पॅन. ज्यांचे एक दुकान पेडण्यास आणि दुसरे बांद्यास अगर सावंतवाडीस आहे, त्यांचे दोन क्रमांक निराळे दिसले तरी आतील दहा अक्षरे तीच, आणि त्या दुव्यानेच आयकर खात्याची वही व जीएसटीची वही एकमेकींस ओळखतात. पन्नास हजार रुपयांवरील माल परराज्यातून मागविला की ई-वे बिल काढावयाचे. त्यात ट्रकाचा क्रमांक भरला की तो ‘वाहन’ प्रणालीतील नोंदीशी ताडला जातो. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक आहे त्यांस १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. बीजकाचा तपशील ठरलेल्या नमुन्यात एकदा नोंदला की त्यावर ओळखक्रमांक व चौकोनी संकेतचिन्ह उमटते, आणि त्याच तपशिलावरून विक्रीचे विवरणपत्र व ई-वे बिल आपोआप भरत जाते. १ जुलै २०२० पासून आलेल्या उद्यम नोंदणीत उलाढालीचा आकडा आपण शाबीत करीत बसावयाचा नाही; यंत्रच आयकर व जीएसटी यांच्या वह्यांस तो विचारते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांस या नोंदणीचा लाभ २ जुलै २०२१ पासून, बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरता, मिळाला आहे. आपल्यापैकी ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांनी चौकशी करावी.

हे सर्व पहिल्याच दिवशी सुरळीत चालले असे मात्र नाही. जीएसटीच्या मूळ रचनेत तीन विवरणपत्रे होती: विक्रेत्याचे पहिले, त्यावरून खरेदीदाराचे दुसरे, आणि दोहोंवरून तिसरे. कागदावर ही साखळी देखणी दिसे. परंतु एकाने विलंब केला की त्याच्या मागचे सारे अडकत. सप्टेंबर २०१७ मध्ये यंत्रणेतील अडचणींसाठी बिहारचे तत्कालीन उपमुख्यमंत्री सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिगट नेमावा लागला, आणि वर्ष संपण्यापूर्वीच दुसरे व तिसरे विवरणपत्र स्थगित झाले. या क्षेत्रातील जाणते लोक जोड ‘सैल’ असावा असे सांगतात त्याचा अर्थ येथे कळतो. दोन यंत्रे एकमेकांस प्रश्न विचारोत, परंतु एकाचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याचे सारे काम थांबू नये. ऑगस्ट २०२० पासून खरेदीदारास महिन्याकाठी मिळणारा २-बी हा उतारा त्या दृष्टीने अधिक समंजस आहे: ठराविक दिवशी जेवढे आले तेवढे दाखवावयाचे, उरलेले पुढील महिन्यात.

ई-वे बिलाची पहिली सलामीही अशीच झाली. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ते देशभर सक्तीचे व्हावयाचे होते. त्याच दिवशी संकेतस्थळावर इतका भार आला की ते कोलमडले आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. ती आंतरराज्य वाहतुकीपुरती १ एप्रिल २०१८ पासून अमलात आली. पूर्वी पत्रादेवीचा कारकून रजेवर गेला तर पत्रादेवीपुरती रांग लागे. मध्यवर्ती यंत्र रजेवर गेले तर पत्रादेवीपासून पार आसामपर्यंतचे ट्रक एकाच वेळी उभे राहतात. जोडणीचे फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही बाजू त्यांच्या व्याख्यानांत क्वचितच ऐकू येते, म्हणून मुद्दाम नोंदविली.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. यंत्रे एकमेकांशी बोलू लागली म्हणजे खरी माहिती जशी वेगाने जाते तशी चुकीचीही जाते. आणि गोव्यात चुकीस वाव अधिक, कारण आपली नावेच तीन पेहराव घालून वावरतात. पेडणे हे सरकारी रोमन लिपीत परनेम, डिचोली हे बिचोलिम, साखळी हे सांकेलिम. पोर्तुगीज लेखनात ‘श’ साठी एक्स हे अक्षर, आणि नाईक हे आडनाव लिहावयाचे तर शेवटी क्यू-यू-ई. आजोबांच्या दस्तावर एक लेखन, वडिलांच्या परवान्यावर दुसरे, मुलाच्या पॅनवर तिसरे. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांतही शहा हे आडनाव कोणी शेवटी ए घालून लिहितो, कोणी न घालता. कागद माणूस पाहत होता तोवर तो हसून ‘हेच ते’ म्हणे. यंत्र हसत नाही. त्यास एक अक्षर निराळे म्हणजे मनुष्यच निराळा.

शिवाय मूळ वही खोटी असेल तर तिच्यावर बांधलेली सेवा खरी कशी होईल? बनावट जुन्या दस्तांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींवरून गोवा सरकारने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले. एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या मिळतो ही सोय मोठीच. परंतु उतारा लवकर मिळाला म्हणून त्यातील नाव बरोबर ठरत नाही. बँकेचे यंत्र उद्या तोच उतारा परस्पर विचारून घेऊ लागले, तर पूर्वी ज्या चुकीमुळे एक फेरा वाढे, त्याच चुकीमुळे कर्ज नाकारले जाईल, आणि ते कोणत्या ओळीमुळे हे सांगणारा माणूस खिडकीत नसेल. कर-वजावटीचा अनुभव तर आपल्या गाठीस आहेच. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानेच असे ठरले की, विक्रेत्याने आपले बीजक नोंदविले नसेल तर खरेदीदाराने भरलेल्या कराची वजावट त्यास मिळू नये. दुसऱ्याच्या वहीतील गाळलेली ओळ आपल्या रोजमेळात तोटा म्हणून येते, ती अशी. या ठिकाणी व्यापारी-संघांनी सरकारपाशी आग्रहाने मागावी अशी गोष्ट म्हणजे, नाकारणाऱ्या प्रत्येक उत्तराबरोबर ते कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीवरून आले हे छापून मिळावे. जोडणीच्या करारात हे सहज घालता येते. त्यास खर्च नाही, इच्छा मात्र हवी.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. पॅन, जीएसटी, उद्यम, अन्न परवाना, पालिकेचा परवाना, बँकेचे खाते आणि जागेचा उतारा हे सारे एकदा एका पाटावर मांडून त्यांतील नावाचे रोमन लेखन अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. जीएसटीत कायदेशीर नाव व दुकानाचे व्यापारी नाव यांचे रकाने वेगळे असतात. त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. भागीदार बदलला, दुकान एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले, तर अशा बदलाची सूचना जीएसटीस पंधरा दिवसांत द्यावयाची असते. नाव, पत्ता व भागीदार यांच्या दुरुस्तीस अधिकाऱ्याची मंजुरी लागते, फोन क्रमांकासारख्या गोष्टी आपणच बदलू शकतो. आणि चूक आढळल्यास ती जेथे दिसली तेथे न भांडता जेथे उपजली तेथे दुरुस्त करून घ्यावी: ई-वे बिलात गाडी नाकारली गेली तर दोष बहुधा परिवहन कचेरीच्या नोंदीत असतो, उद्यमची उलाढाल चुकीची दिसली तर विवरणपत्रात. दुरुस्तीच्या अर्जाची पोच, तिच्यावरील क्रमांक व तारीख यांसह, मूळ परवान्याच्याच फायलीत ठेवावी. कारण एका वहीतील दुरुस्ती दुसऱ्या वहीस कळेपर्यंत काही दिवस जातात, आणि त्या मधल्या दिवसांत ट्रक रस्त्यावर थांबविला गेला तर चालकाच्या हाती तीच पोच लागते.